राख, माती, कुंकू : रोजच्या वस्तूंतून अमूर्त कला



चैत्र-वैशाखात भंडारदऱ्याच्या परिसरातल्या उतारांकडे पाहिले, तर एक गोष्ट चटकन नजरेत भरते. डोंगर वाळलेल्या गवताने पिवळा-तांबूस झालेला असतो आणि त्यावर मधूनमधून काळेभोर तुकडे दिसतात. कुठे चौकोनी, कुठे लांबट, कुठे बांधाच्या वळणाने कोयत्यासारखे वाकलेले. हे राब. भाताचे रोप टाकण्यापूर्वी शेतकरी पालापाचोळा, फांद्या, शेणखत पसरून जमीन भाजतो, त्याची ही खूण. मृगाचा पाऊस पडला की त्याच काळ्या तुकड्यांवर पोपटी रोप उभे राहते.

राब भाजणाऱ्याच्या मनात चित्राचा विचार नसतो. त्याला भात पिकवायचा असतो. पण पाहणाऱ्याने घटकाभर भात, रोप, लावणी हे सारे बाजूला ठेवले आणि केवळ पिवळ्यावरचा काळा रंग, त्या तुकड्यांचे आकार आणि त्यांच्यामधली मोकळी जागा एवढेच पाहिले, तर त्याला एक वेगळीच मजा कळू लागते. कोणता तुकडा जड वाटतो, कोणता हलका. दोन तुकडे जवळ आले की नजर तिथे अडते, दूर असले की सरळ पुढे जाते. हे असे पाहणे म्हणजेच अमूर्त कलेच्या घराचा उंबरठा होय. शहरातल्या मोठमोठ्या कलादालनांत ज्या कलेपुढे माणसे डोके खाजवत उभी राहतात, तिचे मूळ इतके साधे आहे.

अमूर्त म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेऊ. ज्या चित्रात गाय, झाड, देव, माणूस अशी ओळखीची वस्तू दाखवलेली नसते, केवळ रंग, रेषा, आकार आणि पोत यांतूनच जे बोलते, ते अमूर्त. हा शब्द नवा वाटतो, पण वस्तू आपल्या घरची आहे. ठिपक्यांची रांगोळी घ्या. ती कशाचे चित्र आहे? कशाचेच नाही. तरी ती चुकली की लगेच कळते आणि जमली की दारापुढून जाणारा माणूस पाय जपून टाकतो. गोधडी घ्या. जुन्या लुगड्याचे, धोतराचे, पोरांच्या सदऱ्याचे तुकडे आजी जमवते. लालाशेजारी हिरवा लावायचा की काळा, हे ती बराच वेळ तुकडे हलवून ठरवते. मग त्यावर धावदोऱ्याच्या ओळीवर ओळी. फाटके कापड होते, त्याची पांघरायची वस्तू झाली आणि वर नजरेला सुख देणारी मांडणीही झाली. आजीला कुणी चित्रकार म्हणत नाही, एवढेच.

आता दुसरी गोष्ट. काही कला समोर उभे राहून पाहायची असते, आणि काही आत शिरून अनुभवायची असते. चौकटीतले चित्र भिंतीवर असते, आपण बाहेर असतो. पण कलावंताने सगळी खोलीच रचली, भिंती, छप्पर, जमीन, उजेड, आवाज यांचा मिळून एक अनुभव केला, तर पाहणारा त्याच्या मधोमध येतो. तिला आपण वेढून घेणारी कला म्हणू.

भंडारदऱ्याच्या लोकांना हे समजावून सांगायला नको. वैशाखअखेर, पावसाच्या तोंडावर, इथल्या झाडांवर काजवे येतात. झाडच्या झाड एका लयीत उजळते आणि विझते. ते पाहताना आपण अंधारात, त्या उजेडाच्या आत उभे असतो. काजव्यांचा तो खेळ निसर्गाचा, पण माणसाच्या हातचे उदाहरणही जवळच आहे. रतनवाडीचे अमृतेश्वराचे मंदिर पाहा. शिलाहारांच्या काळातले मानले जाणारे हे मंदिर ज्या काळ्या दगडाचे आहे, तोच दगड इथल्या शेताच्या बांधाला लागतो. 1926 साली पुरे झालेले प्रवरेवरचे धरणही दगडी बांधकामाचेच. एकच वस्तू बांधावर अडसर होते, धरणात पाणी अडवते आणि मंदिरात काही वेगळेच करते. शिखरावर लहान शिखराची तीच आकृती ओळीने पुन्हा पुन्हा येते. खाली मोठी, वर जाताना बारीक. नजर आपोआप वर ओढली जाते. आणि बाहेरच्या लख्ख उन्हातून आत पाऊल टाकले की अंधार, गारवा आणि आपल्याच पावलांचा घुमणारा आवाज. माणूस न सांगता हळू बोलू लागतो. दगडाने आपल्याला वेढले, आपली चाल बदलली. वेढून घेणाऱ्या कलेचे काम हेच.

आता आपल्या हाताशी काय काय आहे ते मोजू. जुन्या घराची भिंत कारवीच्या कुडाची, वर माती आणि शेणाचा लेप. नुसत्या मातीने लिंपले तर वाळताना माती आकसते आणि भेगा पडतात. शेणात गवताचे न पचलेले बारीक तंतू असतात. ते मातीचे कण धरून ठेवतात. म्हणून सारवण टिकते. सारवणारी बाई जमिनीवर बसून हात फिरवते तेव्हा तिचा हात पुरतो तेवढी एक कमान उमटते. मग ती मागे सरकते, दुसरी कमान. वाळल्यावर तिरप्या उजेडात पाहा, सबंध ओटीवर कमानींच्या लाटा दिसतील. त्या लाटांत त्या बाईच्या हाताची लांबी आहे, तिचा वेग आहे, ती कुठे थांबली तेही आहे. चित्रकार ज्याला रेषेचा जिवंतपणा म्हणतात तो हाच.

रंगही घरचेच आहेत. तांबडा गेरू, पांढरे तांदळाचे पीठ, काळा चुलीतला कोळसा आणि तव्याची काजळी, करडी राख. पोत पाहिजे तर भाताचा तूस आणि पेंढा. आणि बियाणे! नागली तांबूस, वरई फिकट, खुरासणी काळी चकचकीत. याच अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावठी वाणांचे बी जतन केले आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांनी ते शेतीसाठी केले. पण वेगवेगळे वाण शेजारी शेजारी मांडून पाहिले तर रंगांच्या किती छटा आपल्या शिवारात आहेत, हे विकतच्या रंगपेटीला लाजवील असे दिसते.

मग प्रश्न येतो, वस्तू घरची असली म्हणून ती कला कशी होते? काही कलावंतांनी हे कसे केले ते पाहू.

आपल्या मराठी मुलखाशी नाते असलेले वासुदेव गायतोंडे हे भारतातल्या अमूर्त चित्रकलेतले फार मोठे नाव. त्यांचा जन्म 1924 साली नागपूरला झाला, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत, निधन 2001 साली. त्यांनी ब्रश बाजूला ठेवून रोलर आणि रंग ओढायची सुरी हाती घेतली. कागदाचे तुकडे ओल्या रंगावर दाबून उचलायचे, मग खालचा थर वर दिसायचा. रद्दीचा कागद आणि भिंत रंगवणाऱ्याच्या पेटीत शोभेल असा रोलर, यांतून त्यांनी अशी चित्रे केली की पाहताना धुक्यात किंवा खोल पाण्यात काही तरंगते आहे असे वाटावे. 2014 साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. यात शिकण्यासारखे असे, की त्यांची साधने साधी होती, पण थर वाळण्याची वाट पाहण्याचा धीर साधा नव्हता. ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे करीत.

दुसरे उदाहरण कर्नाटकातल्या शीला गौडा यांचे. त्यांचा जन्म 1957 सालचा, भद्रावतीचा. रीतसर चित्रकला शिकलेल्या या बाईंनी 1990 नंतरच्या दशकात तैलरंग सोडून शेण हाती घेतले. त्यांची एक प्रसिद्ध कलाकृती आहे, तिच्या नावाचा अर्थ ‘आणि त्याला माझे दुःख सांग’ असा होतो. तिच्यात तीन घरगुती वस्तू आहेत : सुई, दोरा आणि कुंकू. एकेका सुईतून शेकडो फूट दोरा ओवून घ्यायचा, असे पुष्कळ दोरे एकत्र करून त्यांना कुंकू आणि डिंकाचा लेप द्यायचा, म्हणजे लाल दोरखंड तयार होतो. त्याच्या टोकाला सगळ्या सुयांचा झुपका लटकतो. हे दोरखंड भिंतीवरून, जमिनीवरून वळणे घेत खोलीभर पसरतात. दुरून पाहिले तर हवेत काढलेली लाल रेषा; जवळ गेले तर सुयांची टोके. कुंकू म्हणजे सौभाग्य, आणि रक्ताचाही रंग तोच. सुई म्हणजे घरातले शिवणटिपण, आणि टोचणारी वस्तूही तीच. एवढा दोरा ओवायला किती वेळ लागला असेल, हे पाहणाऱ्याच्या मनात येते आणि मग घरोघरच्या बायांचे न मोजलेले कष्ट डोळ्यांपुढे उभे राहतात. कुठेही बाईचे चित्र काढलेले नाही, तरी गोष्ट बाईची आहे. अमूर्त कला मुकी असते असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तिसरे उदाहरण आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातले. प्रभाकर पाचपुते यांचा जन्म 1986 साली सास्ती या गावी झाला. हा कोळशाच्या खाणींचा मुलूख, आणि त्यांच्या घरची माणसेही खाणीत राबलेली. खाणीसाठी शेतजमिनी गेल्या, हे त्यांनी जवळून पाहिलेले. खैरागड आणि बडोदा इथे शिक्षण घेतल्यावर त्यांनी चित्रासाठी हाती धरला तो कोळसाच. 2012 साली मुंबईत त्यांचे पहिले मोठे प्रदर्शन झाले. ते थेट भिंतींवर कोळशाने चित्रे काढतात, त्यांना मूर्तींची आणि हलत्या चित्रांची जोड देतात, आणि पाहणारा जणू खाणीच्या अंधारात उतरतो. त्यांची चित्रे संपूर्ण अमूर्त नाहीत, त्यांत माणसे आणि यंत्रे ओळखू येतात. पण ज्या कोळशाने गावाची जमीन खाल्ली त्याच कोळशाने त्या गावाची गोष्ट सांगायची, यात वस्तूची निवडच अर्धे काम करते. 2021 साली वेल्समधल्या कार्डिफचा ‘आर्टेस मुंडी’ हा आंतरराष्ट्रीय पुरस्कार सहा कलावंतांना मिळून देण्यात आला, त्यांत ते एक होते.

चंदीगडचे नेकचंद यांचे नावही इथे घेतले पाहिजे. नवे शहर उभारताना जुनी गावे पाडली गेली. सरकारी रस्त्यांच्या खात्यात काम करणाऱ्या या माणसाने पाडलेल्या घरांचा राडारोडा, फुटक्या बांगड्या, कपबश्यांचे तुकडे सायकलवरून जमवून नेले आणि रानात वर्षानुवर्षे गुपचूप एक आख्खे जग रचले. 1976 साली ते लोकांना खुले झाले. आज त्या खडकबागेत माणूस चालत चालत आत शिरतो आणि मोडलेल्या बांगड्यांच्या भिंतींमध्ये हरवून जातो.

या साऱ्यांतून एक सूत्र निघते. घरची वस्तू कला होण्यासाठी तीन गोष्टी घडाव्या लागतात. पहिली, तिचा रोजचा उपयोग थोडा वेळ थांबतो. दोरा शिवत नाही, कोळसा जळत नाही. दुसरी, तिचा स्वभाव मात्र जपला जातो. कोळसा काळाच राहतो, हाताला लागतोच. तिसरी, कुणीतरी विचाराने मांडणी करतो, काय ठेवायचे आणि काय काढायचे हे ठरवतो. पहिली नसेल तर ती वस्तूच राहते. दुसरी नसेल तर नुसती सजावट होते. तिसरी नसेल तर ढीग होतो.

तुम्ही म्हणाल, “अहो, मग गोवऱ्यांचा हुडवाही कलाच की!” शंका रास्त आहे. हुडवा सुंदर असतो यात वाद नाही, पण तो गोवऱ्या पावसात भिजू नयेत म्हणून तसा रचलेला असतो. कलाकृतीची परीक्षा अशी करावी : तिच्यातली एक वस्तू काढून किंवा हलवून पाहावी. काहीच बिघडले नाही तर ती अजून मांडणी झालेली नाही. सारे मोडल्यासारखे वाटले तर समजावे, काहीतरी साधले आहे.

आता शिक्षक बंधुभगिनींनो, थोडे तुमच्याशी. वाडीवस्तीवरच्या शाळेत चित्रकलेचा तास म्हटला की पहिली अडचण रंगपेटीची. ज्या मुलाकडे पेटी नाही ते मागे बसते आणि “मला चित्र येत नाही” असे म्हणत म्हणत मोठे होते. दुसरी अडचण अशी, की पुस्तकातले कमळ हुबेहूब आले तरच चित्र आले, असा समज. या दोन समजांपायी किती मुलांचे हात थांबले असतील, कोण जाणे. त्यांच्या घरी आई सारवते, आजी गोधडी शिवते, बाप पेंढ्याचा वेठ वळतो. पण हे ज्ञान शाळेच्या दारात चपलांबरोबर बाहेर ठेवायचे असते, अशी मुलांची समजूत होते. ती मोडायला पैसा लागत नाही.

पहिल्या तासाला रंग कसा धरतो ते दाखवा. गेरूची पूड तीन करवंट्यांत घ्या. एकीत नुसते पाणी, दुसरीत बाभळीच्या डिंकाचे पाणी, तिसरीत भाताची दाट पेज घाला. तिन्हींचे पट्टे कागदावर ओढून वाळू द्या. मग बोट फिरवा. नुसत्या पाण्याचा रंग बोटाला येतो, कारण पाणी उडून जाते आणि पूड मोकळी राहते. डिंक आणि पेज वाळून पातळ पापुद्रा होतो आणि तो पुडीला धरून ठेवतो. एवढे कळले की राख, कोळसा, काजळी, कोणत्याही पुडीचा रंग मुले स्वतः करतील. मात्र चुना मुलांच्या हाती देऊ नये, डोळ्यांत गेला तर इजा होते.

दुसऱ्या तासाला एकच वस्तू द्या. कुणाला पेंढा, कुणाला तूस, कुणाला बी. “याचे काही काढू नका, केवळ मांडा,” असे सांगा. दाट आणि विरळ, सरळ आणि वाकडे, मोठा गट आणि एकटा दाणा. बी मात्र चिकटवू नये. मांडावे, डोळे भरून पाहावे आणि परत ज्याच्या त्याच्या घरी पाठवावे. खायचे धान्य कागदावर डकवून फेकणे आपल्याकडे शोभत नाही.

तिसरा प्रयोग सगळ्या वर्गाचा. एक रिकामी खोली घ्या. विषय एकच, समजा “श्रावणातली झड”. पेंढ्याच्या बारीक दोऱ्या वळून आढ्यापासून खाली सोडा, कुठे दाट, कुठे विरळ, मधून वाकून जायला वाट. खिडकीला जुने गोणपाट लावा, म्हणजे उजेड विणीच्या भोकांतून गाळून येईल. खाली ओल्या मातीचा वाफा करा, म्हणजे वासही येईल. मुलांनी एकेक करून, न बोलता, त्यातून जावे. पेंढ्याजवळ दिवा, मेणबत्ती, उदबत्ती काही लावू नये. दिवसाचा उजेड पुरे. बाहेर आल्यावर “काय दिसले?” असे विचारू नका, “काय वाटले?” असे विचारा. कुणी म्हणेल गुदगुल्या झाल्या, कुणी म्हणेल खाचरात उभा होतो, कुणी म्हणेल भीती वाटली. सगळी उत्तरे खरी. मग विचारा, “दोऱ्या दुप्पट केल्या तर? सगळ्याच काढल्या तर?” इथे मुले विचार करायला लागतात, आणि धडा तिथे सुरू होतो.

गुण कसे द्यावेत, असेही काही गुरुजी विचारतील. सुबकतेपेक्षा निवडीला गुण द्यावेत. ही वस्तू का घेतली, इथे का ठेवली आणि कोणती काढून टाकली, हे मूल आपल्या शब्दांत सांगू शकले की त्याचे काम झाले. शासकीय रेखाकला परीक्षांना बसणाऱ्या मुलांचाही यात तोटा नाही. संकल्पचित्र काढताना आकार आणि मोकळी जागा यांची जी जाण लागते, ती याच खेळातून येते.

शेवटी एक तातडीची गोष्ट. डोंगरी भागातही कुडाच्या भिंती जाऊन विटा-सिमेंटची घरे होत आहेत, आणि ते योग्यच आहे. पावसाळाभर गळणाऱ्या घरात कुणी का राहावे? पण भिंतीबरोबर सारवणारा हातही जातो. शेणात माती किती, पेजेत पाणी किती, कोणत्या ओढ्याकाठची माती भेगाळत नाही, हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेले नाही. ते म्हाताऱ्या बायांच्या बोटांत आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी आपल्या शाळेतल्या मुलांना वही घेऊन आज्यांकडे पाठवा. मापे लिहून घ्या, मातीची जागा लिहून घ्या, आणि शाळेच्या आवारात हात-दीड हाताचा एक कूड उभा करून एखाद्या आजीला तो पहिल्यांदा सारवायला बोलवा. मुलांनी शेजारी बसून तिचा हात कसा फिरतो ते पाहावे, आणि दुसऱ्या दिवशी दुसरा कूड स्वतः सारवावा.